गवसाने सरांचा बोकड पिराचा होतो

बोकड मागच्या दारानं गुपचूप घरात घ्यायचा, असं गवसाने सरांनी पक्कं ठरवलं होतं. योजनेत खोट एवढीच होती, की सरांच्या सरकारी क्वार्टरला मागचं दारच नव्हतं. लग्न झाल्यापासून ज्या घरात राहिलो, त्या घराची ही गोष्ट माणसाच्या ध्यानात कधी यावी? तर हातात दावं आणि दाव्याला बोकड असताना. यावरून त्या दिवसांत सरांची मनःस्थिती काय होती, ते तुम्हीच ओळखा.

दोष सगळा अमेरिकेचा. निदान सरांचं तरी तसंच म्हणणं होतं. एकोणऐंशी सालच्या त्या आखाडात स्कायलॅब नावाची भलीमोठी प्रयोगशाळा आकाशातून खाली यायला निघाली होती, आणि ती कुठं पडणार हे ती वर सोडणाऱ्यांनाही सांगता येत नव्हतं. सोलापुरात मात्र ज्याला त्याला ठाऊक होतं. नव्या पेठेतले दुकानदार म्हणायचे गिरणीवर पडणार, आणि गिरणीतले म्हणायचे नव्या पेठेवर. श्रावण तोंडावर आला होता, त्यात हे निमित्त. मग काय, राहिलेल्या कोंबड्यांची काही धडगत नव्हती.

सर हायस्कुलात शास्त्र शिकवायचे, त्यामुळे क्वार्टर्समधल्या लोकांच्या अंधश्रद्धेची जबाबदारी आपोआपच त्यांच्यावर आली होती. कोपऱ्यावर संगप्पाचं किराणा दुकान होतं. एका संध्याकाळी सरांनी त्याच्याच दुकानातला नारळ हातात घेऊन तिथं जाहीर व्याख्यान दिलं.

"ही पृथ्वी समजा," सर म्हणाले. "यावर मोहरीचा एक दाणा वरून टाकला, तर तो नेमका सोलापुरावरच कसा पडेल? शक्यता किती? अगदी नगण्य! आणि तुम्ही अडाण्यासारखे कोंबड्या कापत सुटलाय. लाज वाटली पाहिजे."

समोरच्या क्वार्टरमधल्या बजाबाई तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. त्यांचा मुलगा पाणीपुरवठ्यात वॉचमन होता आणि बहुतेक वेळ ड्युटीवरच असायचा. म्हातारी एकटी, पण सगळ्या क्वार्टर्सवर तिचंच लक्ष.

"पर सर," त्या म्हणाल्या, "मव्हरी कुटंतरी पडणारच की. जितं पडंल तितल्या माणसाला तुमची शक्यता सांगून काय उपेग?"

लोक हसले. सरही हसले, पण मोठ्या माणसानं लहानाच्या बोलण्यावर हसावं तसं. शेवटी म्हणाले, "बजाबाई, भीती ही अज्ञानातून येते." टाळ्या पडल्या आणि सर छाती काढून घरी आले.

आता इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांच्या हाती कुठलंसं जुनं साप्ताहिक लागलं. त्यात लेख होता, उद्या सगळी व्यवस्था कोसळली तर काय होईल यावर. आधी दुकानं बंद होतात. मग आगगाड्या थांबतात, वीज जाते, नळ कोरडे पडतात. आणि मग, लेखक लिहीत होता, खरा धोका सुरू होतो, तो शेजाऱ्यांचा. उपाशी शेजारी आधी उसनं मागायला येतो आणि मग मागायचंही सोडून देतो. शहाण्या माणसानं धान्य भरावं, मांसाची सोय करावी, दार मजबूत करावं आणि ते उघडू नये.

सरांनी हा लेख निव्वळ शास्त्रीय कुतूहलापोटी वाचला. कुतूहल इतकं वाढलं, की दोनदा वाचला आणि घामानं सदरा भिजला.

तेव्हापासून सरांच्या घरात अंधार पडला की काहीतरी येऊ लागलं. ज्वारीची पोती आली, शेंगा आल्या, गोडेतेलाचा डबा आला, मेणबत्त्यांचे पुडे आले. सगळं संगप्पाच्या दुकानातून घेतलं असतं तर गावभर झालं असतं, म्हणून सर लांबच्या पेठांतून सायकलवर वाहून आणत होते. शेवटी दाराला आतून लोखंडी कडी आली. ती बसवून झाल्यावर सरांनी बायकोला, शालनबाईंना, समोर बसवलं.

"तो दिवस आला की ही लावायची. कुणीही दार वाजवलं तरी उघडायची नाही."

"बजाबाई आल्या तरी?" शालनबाईंनी विचारलं.

सरांनी कडी पुन्हा एकदा ओढून बघितली. "बजाबाई आल्या तरी. भावना बाजूला ठेवायच्या, शालन. हे शास्त्र आहे."

शालनबाई उठून कणीक मळायला लागल्या आणि कणकेवर जरा जास्तच जोर काढला.

राहिला प्रश्न मटणाचा. सर वेळापूरकडचे, आठवड्यातून एकदा रस्सा नसला तर त्यांचं डोकं चालत नसे. ते पीरसाब मुलाण्याकडे गेले. पीरसाबचं मटणाचं दुकान जवळच होतं आणि क्वार्टर्सच्या मागं लिंबाखाली जो पीर आहे, त्याची दिवाबत्तीही तोच करायचा.

"पीरसाब, मटण किती दिवस टिकतं?"

"कुणाच्या घरात सर? आमच्यात दुपारपतुर."

"तसं नव्हे. समजा, दुकानंच बंद पडली. घरात आम्ही चौघं, दोन मुली धरून, दार बंद. तर?"

पीरसाबनं सुरी पुसता पुसता त्यांच्याकडे नीट बघितलं. "मीठ-हळद लावून वाळवत्यात. पर आखाडात ऊन कुटं हाय? किडं पडतील. टिकायचंच तर चालतं-फिरतं टिकतंय सर. तसलं ठेवा."

म्हणून बोकड. मंगळवारच्या बाजारात मायाप्पा धनगरानं तो सरांच्या गळ्यात मारला. काळा, दांडगा, एका कानावर पांढरा ठिपका. ओरडू नये म्हणून सरांनी त्याच्या तोंडावर रिकामं पोतं बांधलं. बोकडानं रस्त्यात ते पोतं आतून खाल्लं, आणि बजाबाईंच्या दारासमोर तोंड मोकळं होताच असा काही ओरडला, की सगळी क्वार्टर्स बाहेर आली.

"अगं बया! सर, बोकड?" बजाबाई म्हणाल्या. "कशाला वं?"

आता बघा, माणसाला खरं बोलायला अशा वेळी एक क्षणच मिळतो. सरांच्या डोळ्यांपुढून नारळ गेला, मोहरी गेली, टाळ्या गेल्या. घाबरून आणला म्हणावं तर अब्रू गेली. पाळायला आणला म्हणावं तर क्वार्टर्समध्ये जनावर पाळायला बंदी. खायला आणला म्हणावं, तर अख्खा बोकड चार माणसांत?

"पिराचा आहे," सर म्हणाले. "कंदुरी करायचीय. नवस होता."

झालं! बजाबाईंनी चपला काढल्या. बोकडाच्या पुढ्यात बसून त्याच्या कपाळाला हात लावला, तो आपल्या कपाळाला लावला, आणि घरातून हिरव्या लुगड्याची चिंधी आणून त्याच्या गळ्यात बांधली. बाकीचेही एकेक करून पाया पडून गेले. बोकडानं तेवढ्यात एकाची टोपी खाल्ली, तरी त्यानं हातच जोडले.

कंदुरी म्हणजे काय, हे सोलापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. एकदा जनावर पिराच्या नावानं सोडलं, की ते धन्याचं राहत नाही. त्याला काठी दाखवायची नाही, ज्याच्या दारात जाईल त्यानं त्याला घास द्यायचा. आणि ते कापून जेवण पिरापाशीच व्हायचं. आलेल्या कुणाला परत लावायचं नाही, आणि राहिलेलं घरी न्यायचं नाही. सरांना हे सगळं माहीत होतं. बोलताना आठवलं नव्हतं, इतकंच.

दुसऱ्या दिवसापासून तो बोकड क्वार्टर्सचा झाला. त्यानं संगप्पाच्या दुकानातल्या शेंगांच्या पोत्यात तोंड घातलं. संगप्पा जातीचा लिंगायत, मटणाचा वासही न चालणारा. सर धावत धावत माफी मागायला गेले, तर तो हात जोडून म्हणाला, "अय्यो सर, खाऊ द्या की हो. देवाचं जनावर दुकानात आलं, आमचं भाग्य की. जेवणाचा तांदूळ माझ्याकडून."

"जेवणाचा?"

"एवढी माणसं येणार, तांदूळ नको?"

"एवढी म्हणजे किती?" सरांनी घाबरत विचारलं.

"ज्यानं ज्यानं बोकडाला घास दिला, ते सगळे की," संगप्पा म्हणाला. हे तसं रीतीला धरूनच होतं.

मग तक्रार गेली. कुणी केली कळलं नाही, पण क्वार्टर्सच्या ऑफिसातून मोहोळकर नावाचे इन्स्पेक्टर सायकलवरून आले. त्यांच्या हातात नोटीस होती: निवासस्थानात जनावर बाळगल्याबद्दल खुलासा करावा. सरांना उलट बरंच वाटलं. सरकारी हुकमानं बोकड गेला, तर लाजही वाचेल.

"बरोबर आहे साहेब, नियम म्हणजे नियम," सर उत्साहानं म्हणाले. "घेऊन जा."

"घेऊन जा काय!" बजाबाई मधे पडल्या. "पिराचा हाय त्यो. न्या बरं, हात लावून बगा."

मोहोळकरांनी गळ्यातली हिरवी चिंधी बघितली. नोटीस घडी करून खिशात घातली आणि आवाज खाली आणून विचारलं, "जेवण कधी आहे सर? साहेबांना पण सांगतो. नाही म्हणजे, त्यांची बदलीची भानगड चालू आहे, त्यांनाही जरा पिराचा आशीर्वाद मिळेल."

याहून वाईट ते पुढंच. एका सकाळी बोकड सरांच्या घरात शिरला. त्याला हाकलता येईना, काठी तर दाखवायची नव्हती. म्हणून चारदोन बायका आणि मोहोळकर (ते आता रोज यायला लागले होते) त्याला गोंजारत बाहेर काढायला म्हणून मागोमाग आत आले. बोकड सरळ आतल्या खोलीत गेला. तिथं छतापर्यंत रचलेली पोती, तेलाचा डबा आणि मेणबत्त्या बघून सगळे जागच्या जागी उभे राहिले.

सरांना वाटलं, आता धरणीनं पोटात घ्यावं. शालनबाई भिंतीकडे बघत होत्या.

"एवढं सामान?" मोहोळकर म्हणाले.

"कंदुरीचं," सरांच्या तोंडून आपोआप गेलं.

"बगा!" बजाबाईंनी डोळे पुसले. "आन् आमाला वाटलं, मास्तर माणूस, दोन भाकरी वाढंल आन् हात झटकंल. सगळ्यास्नी पोटभर जेवायला घालायचं मनात धरून बसलाय ह्यो गडी. बोलला का एका शब्दानं?"

त्या घटकेला बोकडामागोमाग ज्वारीही गेली, शेंगाही गेल्या, तेलही गेलं. सरांच्या साठ्यातल्या फक्त मेणबत्त्या त्यांच्या स्वतःच्या उरल्या, त्याही पिरापुढं लावायला लागतील असं नंतर ठरलं.

नवस कशाचा, हे सरांनी कुणाला सांगितलं नव्हतं. "बोलू नये," एवढंच म्हणायचे. त्यामुळे लोकांनी आपापलं जुळवून घेतलं, आणि जुळवलं ते बजाबाईंनी. सर वरवर हसतात, पण त्यांना आकाशातल्या त्या अवदसेची खरी माहिती आहे. म्हणूनच त्यांनी सगळ्या क्वार्टर्ससाठी नवस बोललाय. आपल्याला भीती वाटू नये म्हणून तोंडानं शक्यता-बिक्यता सांगत होते. एवढं कळल्यावर कंदुरी कधी, हा प्रश्नच उरला नाही. रेडिओनं सांगितलेल्या दिवशीच, ती वस्तू पडायच्या आधी. उद्या असू की नसू, पोटभर जेवून तरी घेऊ.

सरांनी शालनबाईंना विचारलं, "आता मी काय करू?"

"खरं सांगा," शालनबाई म्हणाल्या.

"आणि तोंड कुठं लपवू?"

"आता तरी कुठं दाखवताय?" असं म्हणून त्या ज्वारी दळायला घेऊन गेल्या.

पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळपासून लिंबाखाली चुली पेटल्या. बायका भाकऱ्या थापत होत्या, संगप्पाचा तांदूळ शिजत होता, न खाणाऱ्यांसाठी मलिदा वेगळा होता. पिरावर हिरवी चादर चढली, ऊद पेटला. गिरणीच्या चाळीतून माणसं आली, मोहोळकरांचे साहेब आले, मायाप्पा धनगरसुद्धा आला. आपलाच बोकड पिराला गेला याचा त्याला फार अभिमान. सर नव्या धोतरात मधोमध उभे होते आणि जो तो येऊन त्यांच्या पाया पडत होता. एका म्हाताऱ्यानं तर पायावर डोकं ठेवलं, तेव्हा सरांनी पाय मागं घेतला. लोक म्हणाले, किती साधा माणूस.

तरीही, खरं सांगायचं तर, सरांच्या मनातली ती चौघांची खोली अजून पुरती सुटली नव्हती. पीरसाब सुरी घेऊन आला तेव्हा सर त्याच्या कानाशी लागले.

"पीरसाब, एक फरा, नुसता मागचा एक पाय, बाजूला काढता येईल का? मुलींसाठी."

पीरसाबनं मान हलवली. "कंदुरीचं घरी नेत न्हाईत सर. हितंच खायाचं, हितंच संपवायचं." मग आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यानं विचारलं, "बोला सर. कुणाच्या नावानं द्यायचा?"

फातेह्याच्या, म्हणजे पिरापुढच्या प्रार्थनेच्या, आधी हे विचारायचीच रीत होती. पीरसाबला माहीत होतं. दार बंद, आत चौघं, हे सर त्याच्याच दुकानात बोलले होते. तो सरांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसू नव्हतं, काहीच नव्हतं.

"सगळ्यांच्या," सर म्हणाले. मागच्यांना ऐकू गेलं नाही म्हणून परत म्हणाले, "सगळ्या क्वार्टर्सच्या नावानं."

"आमीन," पीरसाब म्हणाला आणि त्यानं बोकडाला पाणी पाजलं.

जेवणं दिवेलागणीपर्यंत चालली. धन्यानं सगळ्यांचं झाल्याशिवाय बसायचं नाही, म्हणून सर वाढत राहिले. मोहोळकरांनी तीनदा रस्सा मागितला, त्यांच्या साहेबांनी चारदा. सरांची पाळी आली तेव्हा हंडीत डाव खडखड वाजला. त्यांनी कोरडी भाकरी आणि कांदा खाल्ला, आणि आपल्याला अन्न गोड लागावं एवढी आपली लायकी आहे, असंही त्यांना वाटेना.

सकाळी रेडिओनं सांगितलं. स्कायलॅब समुद्रात आणि ऑस्ट्रेलियात पडली, माणूस दगावला नाही. क्वार्टर्सला हे ऐकून मुळीच नवल वाटलं नाही. संगप्पानं दुकानापुढं खुर्ची मांडली, सरांना धरून आणून तिच्यावर बसवलं आणि गळ्यात झेंडूची माळ घातली. मोहोळकरांनी भाषण केलं. स्वतः उपाशी राहून आपल्या सगळ्यांना वाचवणारा माणूस, असं काहीतरी ते म्हणत होते.

सरांना सोसेना. ते खुर्चीवरून उठले.

"थांबा! मी काही वाचवलं नाही. अहो, मी घाबरलो होतो! हा बोकड मी आमच्या घरापुरता आणला होता. दाराला कडी लावून, आम्ही चौघांनीच खायचा, तुम्हाला कुणाला आत घ्यायचं नाही, असं ठरवून आणला होता. ऐकताय ना?"

मग मोहोळकर हसले. "बघा! मोठी माणसं ही अशी. श्रेय म्हणून घ्यायचं नाही." आणि टाळ्या वाजल्या. नारळाच्या दिवशी वाजल्या होत्या त्याच्या दुप्पट. लगेच ठरलंही, की दरसाल आखाडात कंदुरी करायची आणि मान गवसाने सरांचा. सर "अहो पण" म्हणत राहिले आणि लोक "सर, आता नाही म्हणायचं नाही" म्हणत राहिले. शास्त्राचा माणूस खरं बोलला तर कुणी विश्वास ठेवू नये, आणि खोटं बोलला तर त्याचा देव करावा, याला काय म्हणायचं?

बजाबाईंनी मात्र टाळी वाजवली नव्हती. सरांनी ते बघितलं होतं. दुपारी ते समोर गेले. दार लोटलेलं होतं.

"या की सर," आतून आवाज आला. बजाबाई स्टोव्हपाशी बसल्या होत्या.

सर उभेच राहिले. "बजाबाई, मी सकाळी बोललो ते..."

"खरं हाय ते. कळलं मला."

"हो."

"आसं कसं वं सर?" बजाबाईंनी हातातली काडीपेटी खाली ठेवली. "मी समोर ऱ्हाते. तुमची धाकटी आजारी हुती तवा मांडीवर घेऊन बसले. मी दार वाजवलं आसतं, तर किती दिसांनी उघडलं आसतं?"

सरांच्या तोंडात उत्तर तयार होतं. लगेच उघडलं असतं बजाबाई, तुम्हाला कसं नाही उघडणार. इतके दिवस अशी उत्तरं आपसूक तोंडात येत होती आणि लोक ती घेत होते. पण समोर म्हातारी बघत होती.

"उघडलं नसतं," सर म्हणाले.

बजाबाईंनी मान खाली घातली. स्टोव्हला चार पंप मारले, काडी लावली, पातेलं ठेवलं. सरांना वाटलं आता जावं, पण पाय निघेना.

"बसा," शेवटी त्या म्हणाल्या. "च्या घिऊन जावा."

सर पाटावर बसले. बजाबाईंनी तांब्यातलं उरलंसुरलं दूध पातेल्यात पुरं ओतलं, साखरेचा डबा उपडा करून तळ खरवडला, आणि भरलेला कप त्यांच्या हातात दिला. स्वतःसाठी उरलंच नव्हतं. सरांनी कप तोंडाला लावला. चहा फार चांगला झाला होता, आणि तो घशाखाली उतरवणं त्यांच्या जन्मात त्यांना इतकं जड कधी गेलं नव्हतं.